‘खात्रीचं पाणी’ म्हणायचं की ‘विश्वासार्ह पाणी’? खात्री शब्दाचं मूळ आणि अर्थ

शब्दवेडी

गेले तीन आठवडे एका पुस्तिकेच्या अनुवादावर बसले आहे. कृष्णा खोऱ्यातल्या पाण्याचा हिशोब कसा मांडतात हे पाणी वापर संस्थांच्या सभासदांना कळावं म्हणून ती निघते आहे. तिच्यात एका शब्दावर अडले, आणि आता तो शब्द रात्री झोपू देत नाही, म्हणून इथे मांडते.

मसुद्यात ‘सेव्हंटी-फाइव्ह पर्सेंट डिपेंडेबिलिटी’ असं आहे. बच्छावत लवादानं १९७३ साली कृष्णेच्या पाण्याची वाटणी केली ती याच मापावर. २०६० टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी धरलं, त्यातलं महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८००. मी लिहिलं, ‘७५ टक्के खात्रीचं पाणी’. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘७५ टक्के विश्वासार्हता’ केलं आणि समासात शेरा मारला: ‘खात्री हा शब्द बोलीतला आणि परका. शास्त्रीय लेखनात नको.’

मला हा शेरा मान्य नाही. खात्री कुठून आली ते बघा. अरबीत ख़ातिर म्हणजे मनात येणारा विचार, आणि पुढे मनच. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि इतका मुरला की ‘पोटाखातर’, ‘माझ्याखातर’ म्हणताना कुणाला तो परका वाटत नाही. खातरजमा तर त्याहून सुंदर. जमा म्हणजे गोळा झालेलं. जमाखर्चातलं जमा तेच, जमातही त्याच धातूची. तेव्हा खातरजमा म्हणजे चहूकडे पांगलेलं मन एका जागी गोळा होणं. आपण ‘मन थाऱ्यावर आलं’ म्हणतो, अगदी तेच.

माझ्या आजोबांचं सांगलीत हळदीचं अडत दुकान होतं. शेतकरी पोती उतरवायचा, सौदा व्हायच्या आत त्याला गावची गाडी गाठायची असायची. पट्टी हातात नाही, पैसे नाहीत. आजोबा गादीवरून म्हणायचे, ‘खातरजमा असू द्या.’ तो माणूस टोपी सारखी करायचा आणि निघायचा. माल चांगला आहे की नाही, भाव किती येईल, यातलं काहीच त्या तीन शब्दांत नव्हतं. ‘तुमचं मन निवांत राहू द्या, जबाबदारी माझी’ एवढंच होतं.

म्हणून मला वाटतं, भरवशाच्या गोष्टीला मराठीत शब्द हवा असेल तर तो खात्रीच. क्रियापदं बघा. विश्वास आपण ‘ठेवतो’. भरवसाही ‘ठेवतो’, ‘धरतो’. खात्री मात्र कुणीतरी ‘देतो’. पाण्याबद्दल बोलताना देणारा कोण हे शब्दातून दिसायला नको का?

तत्सम

ताई, आजोबांची आठवण मनाला भिडली, पण मी तपासणाऱ्यांच्या बाजूनं आहे.

विश्वास हा शब्द आपण इतका वापरला की त्याच्या आत बघायचं विसरलो. वि अधिक श्वस्. श्वस् म्हणजे श्वास घेणं. उच्छ्वास, निःश्वास, आश्वासन ही सगळी त्याचीच भावंडं. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो, छातीवर भीती बसत नाही, तिथे विश्वास. मन गोळा होण्याच्या कितीतरी आधी श्वास मोकळा व्हावा लागतो. तेव्हा सौंदर्याच्याच कसोटीवर शब्द निवडायचा तर हा शब्द कुठेही उणा नाही.

दुसरी गोष्ट शास्त्राची. विश्वास, विश्वसनीय, विश्वासार्ह, विश्वासार्हता, अविश्वास, विश्वस्त अशी हवी ती रूपं मिळतात. खात्रीचं भाववाचक नाम काय करणार? खात्रीशीरपणा? कोष्टकाच्या मथळ्यात ते बसवून दाखवा. परिभाषा करताना एका शब्दातून दहा शब्द निघाले पाहिजेत. शिवछत्रपतींनी कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच जाणिवेनं. राज्य आपलं, तर त्याचा शब्दही आपला.

गोंयकार

आमच्याकडे कोंकणीत भरवसो म्हणतात. खात्री कागदाची, भरवसो माणसाचा, असा फरक मी घरात ऐकत आलो.

मोडीवाचक

तत्सम, राज्यव्यवहारकोशाबद्दल मलाही तितकाच आदर आहे, म्हणूनच त्याचं पुढे काय झालं ते सांगतो. मी हौसेनं मोडी वाचतो. पेशवाईतली पत्रं उघडा, खातरजमा आणि खातरनिशा पानोपानी भेटतात. सरदाराला धीर द्यायचा, सावकाराला थांबवायचं, परागंदा झालेल्या रयतेला गावात परत बोलवायचं, की खातरजमा आलीच. रयतेला मिळायचा तो कौल, तोही अरबीच. क़ौल म्हणजे दिलेला शब्द. आज कोकणात देवाला कौल लावतात आणि निवडणुकीनंतर जनतेचा कौल मोजतात, तो हाच. पेशव्यांच्या मुद्रेत ‘प्रधान’ आहे, पण लोकांच्या तोंडी फारसी ‘पेशवे’च राहिले. कोश शब्द देतो, तो चालवायचा की नाही हे बोलणारे ठरवतात.

परका म्हणून शब्द टाकायचा तर किती टाकाल? ‘अनामत’ घ्या. अरबी ‘अमानत’मधल्या अक्षरांची आपल्या तोंडी अदलाबदल झाली आणि अनामत झाली. इमान त्याच धातूचं. निवडणुकीत अनामत जप्त होते, तेव्हा शब्दाच्या मुळाशी ‘विश्वासानं सोपवलेली ठेव’ हा अर्थ आहे. ‘बेभरवशाचा’ म्हणतो त्यात ‘बे’ फारसी. तो काढून टाकला तर आपल्या पावसाबद्दल आपण बोलणार कसं?

पण शब्दवेडीताईंशीही माझा वाद आहे, आणि तो जास्त महत्त्वाचा. मूळ अर्थ म्हणजे खरा अर्थ, हे गृहीतच चुकीचं आहे. ख़ातिर ज्या अरबी धातूचा आहे त्याच धातूचा ख़तर आहे, म्हणजे आपला खतरा. मुळावर जायचं तर खात्रीच्या पोटात खतराही निघतो. मग पुस्तिकेत काय लिहाल?

आणि खातरजमेचंच आज काय झालंय बघा. वर्तमानपत्रात छोट्या अक्षरांत सूचना असते, ‘जाहिरातीतील मजकुराची वाचकांनी स्वतः खातरजमा करून घ्यावी.’ पूर्वी देणारा ती द्यायचा, आता घेणाऱ्यानं करायची. मन निवांत होणं जाऊन पडताळणी आली. शब्द तोच, ओझं मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं. तुमच्या आजोबांचा अर्थ आज पुस्तिका वाचणाऱ्याच्या कानी पडणार नाही.

शब्दवेडी

मोडीवाचक, ती सूचना मी रोज बघते आणि कधी थबकले नाही. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ओझं कुणाच्या डोक्यावर, हेच तर मला म्हणायचं होतं. अर्थ बदलला हे कबूल. पण बदलला म्हणून आपणही तो सोडून द्यायचा? ‘खात्री देतो’ आजही जिवंत आहे. ‘खातरजमा करा’ नको, ‘खात्री देतो’ हवं, असं मी म्हणेन.

तत्सम, मोकळ्या श्वासाबद्दल मनापासून धन्यवाद. ते मला माहीत होतं, पण असं कधी ऐकलं नव्हतं. तरी विश्वासार्ह म्हणजे विश्वासाला पात्र, आणि पात्र आहे असं म्हणणारा कोण? तो माणूस त्या शब्दात कुठेच नाही.

निवृत्त उपअभियंता

बत्तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामात काढली, म्हणून लिहितो. चर्चा छान चालली आहे, पण ७५ टक्के म्हणजे काय ते कुणीच सांगितलं नाही. ते कळल्याशिवाय शब्द कसा ठरणार?

नदीला दर वर्षी किती पाणी आलं, म्हणजे येवा किती, त्याच्या नोंदी असतात. बच्छावत लवादापुढे कृष्णेच्या ७८ वर्षांच्या नोंदी होत्या. सगळ्यात मोठ्या वर्षापासून सगळ्यात लहान वर्षापर्यंत ते आकडे उतरत्या क्रमानं मांडायचे. वरून मोजत तीन चतुर्थांश खाली यायचं आणि तिथला आकडा उचलायचा. शंभरातल्या ७५ वर्षी निदान एवढं पाणी येतं, असा त्याचा अर्थ. उरलेल्या पंचवीस वर्षी त्याहून कमी. किती कमी, ते हा आकडा सांगत नाही. पुढे ब्रिजेशकुमार लवादानं २०१० साली ६५ टक्क्यांचं माप घेतलं. टक्का खाली आला की वाटपाला दिसणारं पाणी वाढतं आणि तुटीची वर्षंही वाढतात. पाऊस तोच आणि नदीही तीच असते.

म्हणून ‘खात्रीचं पाणी’ हे शास्त्राच्या दृष्टीनं चूक आहे. मराठीत खात्री म्हणजे शंभर टक्के. ‘मला ७५ टक्के खात्री आहे’ असं म्हटलं की ऐकणारा समजतो की या माणसाला खात्री नाही. आणि ताई, तुम्ही म्हणता खात्री कुणीतरी देतो. बरोबर. पण हे पाणी पावसाचं. देणारा आम्ही नव्हतोच. जे आपल्या हातात नाही त्याची खात्री लिहून देणं हे मी माझ्या नोकरीत कधी केलं नाही आणि कुणाला करू दिलं नाही. विश्वासार्हता हा शब्द आमच्या अहवालांत वर्षानुवर्षं आहे. कोरडा आहे खरा, पण तो खोटं बोलत नाही.

पुण्याची माई

भरवसा हा शब्द इतका घरचा असताना तो कुणालाच का नको? भर म्हणजे भार, भर टाकणं म्हणजे वजन टाकणं. काठीवर भर देऊन उभं राहावं तसं ज्याच्यावर आपला भार टाकता येतो तो भरवशाचा. शब्दाचं मूळ तेच आहे असा माझा दावा नाही, पण मला तो शब्द ऐकताना काठीच दिसते. आमच्या गावी एसटी थांबा होता तेव्हा लोक ‘पाचची गाडी भरवशाची’ म्हणायचे. विश्वासार्ह गाडी असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

तत्सम

माई, भरवसा गोड आहे, पण त्याची ख्याती कशानं झाली ते आठवा. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा.’ भाषेनंच त्या शब्दाबद्दल निकाल देऊन ठेवला आहे. ज्याच्यावर भरवसा ठेवला ते हमखास फसवतं, असा धडा देणारी म्हण ज्याला चिकटली तो शब्द पाण्याच्या हिशोबात कसा घेणार?

शेवटची चारी

तत्सम सर, म्हशीवरून बोललात म्हणून लिहितो. एरवी फक्त वाचत होतो.

आमच्याकडं दोन म्हशी आहेत. म्हैस दहा महिने गाभण असते. ते दहा महिने घरातली बाई तिला वैरण-पेंड घालती आणि मनात धरून बसती की पारडी होणार, तीन-चार वर्षांनी गोठ्यात आणखी एक दुभती उभी राहणार. झाला टोणगा, तर तो दूध देणार नाही आणि आता औताला रेडा धरतंय कोण? म्हणून ती म्हण. पण पारडी की टोणगा हे रेड्याकडून ठरतं, म्हशीकडून नाही. म्हशीनं कधी कबूल केलंवतं? तिनं वेळेत गाभण राहून, वेळेत विऊन, दोन्ही वेळ दूध दिलं. ती भरवशाचीच होती. चुकलं ते आपलं मनात धरणं. म्हण म्हशीबद्दल नाही, धरणाऱ्याबद्दल आहे.

आता पाण्याबद्दल. मी कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला आहे. माझ्या चारीच्या, म्हणजे शेतात पाणी आणणाऱ्या लहान पाटाच्या, पुढं कालवा नाही, ओढा आहे. पाणी मागायचा सात नंबरचा अर्ज दर हंगामाला भरतो, पाणीपट्टीची बाकी ठेवत नाही. काही वर्षांमागं रब्बीला तीन आवर्तनं, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या तीन पाळ्या, मिळणार असं आम्हाला सांगितलं. ‘खात्रीनं मिळणार’ हेच शब्द होते. मी त्या शब्दावर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, केला, हरभरा केला आणि वीस गुंठे ऊस ठेवला. पहिली पाळी आली. दुसरी आली ती रात्री, दीड वाजता. मी आणि थोरला दारं धरायला बॅटरी घेऊन गेलो तर पाणी घोट्याएवढं, वरच्यांनी पाट फोडलेला. तरी तेवढ्यात भागवलं. शाळू पोटरीत आला, कणीस बाहेर पडायच्या बेतात, आणि तिसऱ्या पाळीची वाट बघत बसलो. सकाळी उठून चारीच्या तोंडाशी जायचो. तळातला गाळ आधी ओला होता, मग त्याला भेगा पडल्या, मग त्या भेगांत बोट जायला लागलं. पाणी आलंच नाही. पाणी सोडणारा पाटकरी बिचारा तोंड लपवायचा. त्याची काय चूक?

तेव्हा ताई, तुमच्या आजोबांसारखी माणसं मी बघितलीत, त्यांचा शब्द म्हणजे शब्द होता. पण पुस्तिकेत ‘खात्री’ लिहू नका. माझ्यासारखा माणूस ते वाचून शाळूच्या जागी ऊस लावील. विश्वासार्हता लिहिलंत तर वाचणारच नाही, डोळा त्याच्यावरून पुढं जाईल. तेही वाईटच.

निवृत्त उपअभियंता

तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ गप्प बसलो.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ७५ टक्के हा सगळ्या खोऱ्याचा हिशोब. तुमच्या चारीत तिसरी पाळी पोचणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे धरणातला साठा, पिण्याचं आरक्षण, कालव्याची गळती, वरच्या भागातला उपसा हे सगळं मधे येतं. नदी शंभरातल्या ७५ वर्षी भरली तरी टेलला ७५ वर्षी पाणी मिळेल असं नाही. हे दोन हिशोब एकाच शब्दात गुंडाळले जातात आणि घोटाळा तिथेच होतो. नोकरीत असताना हे मी सभांमध्ये सांगायचो, पण विश्वासार्हता हाच शब्द वापरून सांगायचो. समोरचे माना डोलवायचे. कळलं म्हणून डोलवत होते की नाही, हे आज विचारतोय.

तत्सम

म्हशीच्या बाबतीत माझं चुकलं, दुरुस्त करून घेतो. धरणाऱ्याबद्दलची म्हण, हे पटलं.

पण शब्दाचा आग्रह सोडत नाही. शब्द कळत नाही म्हणून तो टाकायचा असेल, तर शेतकऱ्यासाठी वेगळी मराठी आणि लवादासाठी वेगळी असं होईल. उद्या याच पुस्तिकेचा वाचक अहवाल वाचायला घेईल, तिथे त्याला विश्वासार्हता भेटेलच. ती पुस्तिकेतच ओळखीची करून द्या. शब्द लपवून माणूस शहाणा होत नाही.

मोडीवाचक

इथे मी तत्सम यांच्याशी सहमत. पहिल्या दिवशी मला हे लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

एवढंच जोडतो. आपल्यात ‘विश्वास तर पानिपतात गेला’ असं म्हणतात. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव पडले, आणि लोकांनी ते नाव आणि तो शब्द एकत्र बांधून ठेवला, अडीचशे वर्षांवर झाली तरी. लोक शब्द अशा घडलेल्या गोष्टींतून लक्षात ठेवतात, व्याख्येतून नाही. तेव्हा विश्वासार्हता घ्यायची तर तिच्या शेजारी एक खरं वर्ष ठेवा, एक खरी पाळी ठेवा.

शब्दवेडी

काल रात्री ते पान पुन्हा लिहिलं. तपासणाऱ्यांना पाठवण्याआधी तुमच्यापुढे ठेवते.

‘नदीला दर वर्षी सारखं पाणी येत नाही. शंभर वर्षांचा हिशोब मांडला, तर ज्या पाण्याइतकं किंवा त्याहून जास्त पाणी ७५ वर्षी येतं, त्याला ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी म्हणतात. म्हणजे सरासरीनं चारातल्या तीन वर्षी एवढं पाणी येईल, एका वर्षी कमी पडेल. ते वर्ष कुठलं हे आधी सांगता येत नाही. हा हिशोब सगळ्या खोऱ्याचा आहे, आपल्या चारीचा नाही. ही खात्री नव्हे.’

शेवटच्या तीन शब्दांत माझा लाडका शब्द राहिला, पण नकारात. ते लिहिताना जड गेलं. शेवटची चारी दादा, तुमच्या चारीतल्या भेगा डोळ्यांसमोर होत्या म्हणून लिहिता आलं. आजोबांनी तरी खात्रीचा शब्द जिथे तिथे कधी वापरला होता? पोती त्यांच्या दुकानात उतरलेली असायची, म्हणूनच ते तो देऊ शकत होते.

पुण्याची माई

मुली, छान झालंय. फक्त ‘सरासरीनं’ वाचून कुणी तीन वर्षं मोजून चौथ्या वर्षी तुटीची वाट बघत बसेल. लागोपाठ दोन वर्षंही कमी पडू शकतं, तेवढं घाल.

शब्दवेडी

घालते माई. ‘लागोपाठ दोन वर्षंही कमी पडू शकतं’, जसंच्या तसं.

शेवटची चारी

वाचलं. माझ्या बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं, तिला एका दमात कळलं.

एक विचारतो. ज्या वर्षी कमी पडेल त्या वर्षी आधी कुणाचं पाणी तोडायचं, वरच्यांचं की टेलचं, हे पुस्तिकेत कितव्या पानावर आहे?

शब्दवेडी

सगळा मसुदा आत्ता पुन्हा चाळला दादा. ते पान त्यात नाही. सोमवारी बैठक आहे, तिथे मागते.